तोतया ठिपके

सध्या मुक्काम बुंदेलखंडात आहे. छावणीचं नाव लिहीत नाही. झाशीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. मे महिना. दुपारी क्वार्टरच्या लोखंडी फाटकाला उघड्या हाताने शिवायचं धाडस कोणी करत नाही. रविवारी रात्री नऊ वाजता मात्र मी कूलरसमोर टेबल ओढून माझा जुना लॅपटॉप उघडतो, कारण त्याच वेळी पुण्यात माझी लेक तिच्या कॉम्प्युटरसमोर बसलेली असते.

तिची यंदा दहावी. म्हणून या बदलीला बिऱ्हाड हलवलं नाही. ती आणि तिची आई पुण्यात, मी इथे. पंधरा वर्षांची मुलगी फोनवर बापाशी किती बोलणार? जेवलीस का, अभ्यास झाला का, आणि तिसऱ्या प्रश्नाला गाडी थांबते. तोडगा तिनेच काढला. रणगाड्यांचा एक ऑनलाइन खेळ. मी आर्मर्डचा माणूस, तेव्हा बाप निदान इथे तरी कामाला येईल असा तिचा हिशेब. (सुरक्षेची काळजी करणाऱ्या मित्रांसाठी: लॅपटॉप माझा खासगी, खेळातलं नाव भलतंच, आणि बोलणं फक्त लेकीशी, तेही अभ्यास आणि आंब्यांबद्दल.) आमची वाटणी अशी की मी पुढे जाऊन टेहळणी करायची, तिने मागून मारा करायचा.

सलग तीन रविवार मी तिला खोट्या खबरा दिल्या. "डावीकडे, कुंपणामागे, काहीतरी हलतंय." ती तोफ वळवायची, तिथे काही नसायचं. तेवढ्यात उजवीकडून गोळा यायचा. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, राहू दे. पुढच्या वेळी मी मैत्रिणीबरोबर खेळते. तू बघ हवं तर."

गंमत म्हणून लिहितोय, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. नुकतीच वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली होती आणि जवळचं वाचायला चष्मा लागला होता. वीस वर्षं ज्याने दुर्बिणीतून दूरचं हेरण्याचा पगार घेतला, त्याला डोळ्यांची शंका आली की बाकी काही सुचत नाही. मी गृहीत धरलं की दोष माझा आहे.

लेक मात्र शास्त्रशुद्ध निघाली. तिने तिच्या पडद्यावरचा त्याच नकाशातला, त्याच टेकाडावरून दिसणाऱ्या त्याच कुंपणाचा व्हिडिओ पाठवला. तिच्याकडे कुंपण शांत. माझ्याकडे तेच कुंपण मुंग्यांच्या रांगेसारखं वळवळत होतं. मग तिने विचारलं, "तुझा रणगाडा उभा केलास की वळवळ थांबते का?" थांबत होती. डोळ्यांचा दोष रणगाडा उभा राहिल्यावर थांबत नसतो. म्हणजे आजार यंत्रात होता, आणि सेटिंगमध्ये एक नाव माझ्याकडे बघत होतं: अँटी-अलायझिंग. त्यापुढे यादी: बंद, एफएक्सएए, एसएमएए, टीएए. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आणखी एक, एमएसएए, दोन पट, चार पट, आठ पट.

मी सगळे पर्याय ओळीने लावून पाहिले. काहींनी काहीच झालं नाही, काहींनी भलतंच झालं. शेवटी मी फौजी करतो तेच केलं: हे हत्यार मुळात कोणत्या शत्रूसाठी बनवलं होतं, ते शोधायला बसलो. तेव्हा लक्षात आलं की ती यादी म्हणजे पर्याय नाहीतच. तो एका लढाईचा इतिहास आहे, आणि प्रत्येक ओळीचा शत्रू वेगळा आहे.

अलायस म्हणजे उर्फ. पण या दुखण्याला मराठीत उर्फपेक्षा नेमका शब्द आहे, तोतया. पानिपतावर 1761 साली सदाशिवरावभाऊ पडले, पण पुण्यात सगळ्यांची खात्री पटावी एवढी पक्की साक्ष आली नाही. पार्वतीबाईंनी तर वैधव्य मानलंच नाही. त्या रिकाम्या जागेत एक माणूस 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. माणसं त्याच्यामागे गेली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि 1776 साली त्याला देहान्त शिक्षा झाली. साक्ष अपुरी असली की तोतया उभा राहतो. सिग्नलच्या शास्त्रातला अलायझिंग हा शब्द नेमकं हेच सांगतो. हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 साली तारायंत्राचा अभ्यास करताना आणि क्लॉड शॅनन यांनी 1949 साली अधिक स्पष्टपणे जे मांडलं त्याचा सारांश असा: एखादी गोष्ट जितक्या वेगाने बदलते त्याच्या दुपटीहून जास्त वेळा तिची नोंद घेतली नाही, तर ती नुसती हुकत नाही, ती दुसऱ्याच कुणाचं तरी रूप घेऊन समोर येते. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, ते हेच. चाक खोटं नसतं, कॅमेऱ्याने घेतलेल्या नोंदी कमी पडतात.

आता पडद्याचा हिशेब करू. आम्हा तोफवाल्यांचं कोनाचं माप म्हणजे मिल: हजार मीटरवरची एक मीटर रुंद वस्तू साधारण एक मिल भरते. माझा पडदा 1920 ठिपके रुंद, खेळात समोरचं 90 अंशांचं दृश्य. गणित केलं तर पडद्याच्या मध्यावरचा एक ठिपका जवळजवळ एक मिल येतो. म्हणजे शंभर मीटरवरचा दहा सेंटिमीटर जाडीचा कुंपणाचा खांब बरोबर एक ठिपका. दोनशे मीटरवर तो अर्धा ठिपका. चांगला डोळा याच्या तिपटीहून बारीक तपशील ओळखतो. पडदा तेवढ्यावर थांबतो. आणि अर्धा ठिपका असं काही नसतंच. संगणक प्रत्येक ठिपक्याच्या मध्यबिंदूला एकच प्रश्न विचारतो: इथे खांब आहे का? हो किंवा नाही. रणगाडा बोटभर सरकला की उत्तर बदलतं. खांब आहे, नाही, आहे, नाही. टेहळणी करणाऱ्याच्या डोळ्याला हे काय वाटणार? हालचाल.

या दुखण्याची सुरुवात कुठून झाली ते बघताना एक मजेदार गोष्ट सापडली. रणगाड्यांचा एक गाजलेला व्हिडिओ गेम म्हणजे अटारीचा 1980 सालचा बॅटलझोन, आणि त्यात हा रोग जवळजवळ नव्हता. त्याचा पडदा ठिपक्यांचा नव्हताच. इलेक्ट्रॉनचा झोत कागदावर पेन्सिल फिरवावी तशा सरळ हिरव्या रेषा काढायचा. अमेरिकन सैन्याला तो इतका आवडला की ब्रॅडली या चिलखती वाहनाच्या गनरना शिकवण्यासाठी त्याची वेगळी आवृत्ती बनवून घेतली. खेळाचे कर्ते एड रॉटबर्ग यांनी ते काम नाखुशीनेच केलं. तसे यंत्राचे नमुने दोनच बनले, पण सैन्य आणि संगणक-खेळ यांची सोयरीक तिथे जुळली.

पण झोताच्या रेषांनी पृष्ठभाग रंगवता येत नाही, म्हणून जग ठिपक्यांकडे गेलं. ठिपक्यांवर रेषा कशी काढायची याची कृती आयबीएमचे जॅक ब्रेझनहॅम यांनी 1962 साली बसवली आणि 1965 साली ती छापून आली. ती पडद्यासाठी नव्हती, कागदावर पेन चालवणाऱ्या प्लॉटरसाठी होती. सगळं गणित पूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्यांचं, भागाकार नाही. खडकवासल्याला अकादमीत असताना टर्बो सीमध्ये मी ती लिहिली होती. पडद्यावर रेषा उमटली तेव्हा आनंद झाला, मग जवळून पाहिलं तर रेषा कुठली, तो जिना होता. जवळजवळ आडव्या रेषेत तर पंचवीस-तीस ठिपके सरळ, मग एक पायरी, पुन्हा तेवढेच सरळ. आमच्या ड्रिल उस्तादांनी अशी रांग पाहिली असती तर पूर्ण स्क्वाड्रनला मैदानाचे फेरे पडले असते. ती कृती चुकीची नव्हती. 'या ठिपक्यात रेषा आहे की नाही' एवढंच ती विचारायची, आणि जगातल्या बहुतेक गोष्टींना या प्रश्नाचं उत्तर 'थोडीशी' असं असतं.

'थोडीशी' हे उत्तर मान्य करायला लावणारा माणूस फ्रँक क्रो. युटा विद्यापीठ तेव्हा या क्षेत्राचं तीर्थक्षेत्र होतं. डेव्हिड इव्हान्स आणि आयव्हन सदरलँड तिथले गुरू. दोघांनी 1968 साली स्वतःची कंपनी काढली आणि पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे सिम्युलेटर बनवले. एडविन कॅटमल तिथलेच, जे पुढे पिक्सारचे झाले. क्रो यांनी तिथे या विषयावर प्रबंध लिहिला आणि 1977 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. रोग कुठे कुठे होतो, याची त्यांची यादी मला एखाद्या चांगल्या टेहळणी अहवालासारखी वाटली: एक, कडांवर पायऱ्या पडतात, दोन, अगदी लहान वस्तू ठिपक्यांच्या मधल्या फटीत सापडून नाहीशा होतात, तीन, बारीक नक्षी असेल तिथे गोंधळ माजतो. यातलं दुसरं सगळ्यात घातक. स्थिर चित्रात एक लहान वस्तू नसली तर कुणाला कळतही नाही. चित्र हलू लागलं की तीच वस्तू लुकलुकते, आणि लुकलुकणारी गोष्ट माणसाचं लक्ष ओढतेच. सिम्युलेटरमध्ये बसलेला वैमानिक दूरचं विमान शोधत असतो, आणि दूरचं विमान म्हणजे एक ठिपकाच असतो.

क्रो यांचा उपाय असा: ठिपका म्हणजे बिंदू नाही, तो छोटा चौकोन आहे, त्या चौकोनाचा जेवढा भाग वस्तूने व्यापला असेल तेवढाच तिचा रंग द्या. अर्धा खांब असेल तर अर्धा राखाडी. खांब 'आहे-नाही' करणार नाही, फिका होत जाईल. तत्त्व इतकं सोपं आणि बरोबर आहे की पुढची पन्नास वर्षं सगळे तेच करत आले. भांडण फक्त खर्चाचं.

सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक ठिपक्यात चार किंवा सोळा ठिकाणी विचारा आणि सरासरी काढा. म्हणजे काम चौपट किंवा सोळापट. म्हणून सगळा इतिहास हा कंजूषपणाचा इतिहास आहे. लान्स विल्यम्स यांनी 1983 साली मिपमॅप आणले: जमिनीचं, भिंतीचं चित्र आधीच निम्म्या, पाव, अष्टमांश आकारात करून ठेवायचं आणि जितकं अंतर तितकी छोटी प्रत वापरायची. आजही प्रत्येक खेळात ते आहे, आणि सेटिंगमध्ये त्याच्याशी खेळून 'दूरचं जास्त धारदार' करणारे हौशी लोक स्वतःच्या हाताने वळवळ परत आणतात.

त्याच वर्षी डोळ्यांबद्दल एक शोध लागला, तो मला चष्म्यामुळे जास्त जिव्हाळ्याचा वाटला. जॉन येलॉट यांनी माकडाच्या दृष्टिपटलाचा अभ्यास करून दाखवलं की मध्यभाग सोडला तर प्रकाश टिपणाऱ्या पेशी ओळीने मांडलेल्या नसतात. त्या विस्कटलेल्या असतात, फक्त एकमेकींना फार चिकटत नाहीत. ओळीने मांडलेल्या पेशींनी तोतये उभे केले असते. विस्कटलेल्या पेशी त्या तोतयांचा चुराडा करून नुसती खरखर करतात, आणि खरखर मेंदूला सहज दुर्लक्षिता येते. रॉबर्ट कूक यांनी 1986 साली हीच युक्ती संगणकाच्या चित्रांत नमुने घेण्यासाठी वापरली. परेडच्या रांगेपेक्षा विखुरलेला पहारा चांगला, हे कुठल्याही सेक्शन कमांडरला सांगायला नको.

इकडे सैन्यही थांबलं नव्हतं. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे दार्पाने, 1983 साली सिमनेट सुरू केलं. कल्पना हवाईदलाचे अधिकारी जॅक थॉर्प यांची. स्वस्त सिम्युलेटर जाळ्याने जोडायचे आणि रणगाड्यांची अख्खी तुकडी एकाच काल्पनिक मैदानात लढवायची. आज लेक आणि मी जे करतो ते बीजरूपाने तेच. चित्र काढणारी यंत्रं इतकी तोकडी होती की साडेतीन किलोमीटरच्या पलीकडचं दृश्य काढायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यावर टीका झाली. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. जिथे एक ठिपकाही खात्रीने सांगता येत नाही तिथे खोटं दाखवण्यापेक्षा पडदा टाकलेला बरा.

मग आलं एमएसएए. सिलिकॉन ग्राफिक्सच्या रिॲलिटीइंजिनमध्ये ते होतं, पण ते यंत्र तुमच्या-माझ्या ऐपतीतलं नव्हतं. घरच्या कार्डांत 2000 साली थ्रीडीएफएक्सच्या वूडू 5 ने सरळ चौपट मेहनतीचा मार्ग घेतला. चित्र सुरेख, खर्च जबर, आणि त्याच वर्षअखेर कंपनीच विकली गेली. पुढच्या वर्षी जीफोर्स 3 बरोबर एमएसएए बाजारात रुळलं. त्याची कंजुषी हुशारीची आहे: ठिपक्यात चार ठिकाणी विचारायचं, पण फक्त 'वस्तू इथे आहे का' एवढंच, रंगाचं महागडं गणित एकदाच. वस्तूच्या कडा गुळगुळीत, खर्च आटोक्यात.

आता माझ्या कुंपणाकडे या. कंट्रोल पॅनेलमध्ये एमएसएए आठ पट करूनही कुंपण हललं नाही, म्हणजे हलायचं थांबलं नाही, याची दोन कारणं. पहिलं, खेळातलं जाळीचं कुंपण तारांचं नसतंच. ते एक सपाट फळकूट असतं, त्यावर जाळीचं चित्र आणि भोकांच्या जागी पारदर्शक रंग. एमएसएए बिचारं फळकुटाची कड तपासतं, आतल्या तारा त्याच्या खिजगणतीत नाहीत. झाडांच्या पानांचंही तेच. दुसरं कारण अधिक मूलभूत. 2007 च्या सुमारास, स्टॉकरसारख्या खेळांपासून, दृश्य रंगवण्याची पद्धत बदलू लागली: आधी सगळ्या ठिपक्यांची माहिती गोळा करायची, उजेडाचं गणित नंतर एकत्र करायचं. दिवे कितीही लावता येतात, पण प्रत्येक ठिपक्यातल्या चार साक्षी साठवून ठेवायच्या तर स्मृती पुरत नाही. अशा खेळांत कंट्रोल पॅनेलमधून बाहेरून लादलेलं एमएसएए बहुतेक वेळा नुसतं शोभेचं बटन ठरतं. मी आठ पट केल्यावर 'थोडं बरं वाटतंय' असं लेकीला सांगितलं होतं. ते औषधाच्या गोळीच्या रंगाने बरं वाटण्यातलं होतं.

एमएसएए अडल्यावर लोकांनी वेगळीच वाट धरली: चित्र पूर्ण होऊ द्या, मग त्यावर इस्त्री फिरवा. इंटेलचे अलेक्झांडर रेशेतोव यांनी 2009 साली तयार चित्रातल्या पायऱ्यांचे आकार ओळखून त्या पुसण्याची रीत दाखवली. मग एनव्हिडियाचे टिमथी लॉट्स यांचं एफएक्सएए, अगदी स्वस्त, कुठल्याही खेळात बसणारं. मग स्पेनमधल्या सारागोसा विद्यापीठाचे होर्हे हिमेनेझ आणि सहकाऱ्यांचं एसएमएए, 2012 सालचं, जरा जास्त विचार करणारं. माझ्या लॅपटॉपवर एफएक्सएए लावलं तर खेळातली अक्षरंही साबण लागल्यासारखी झाली. एसएमएएने कडा छान केल्या. पण कुंपण वळवळतच राहिलं. आणि ते साहजिक आहे. ही मंडळी एकच चित्र बघतात. ज्या चित्रात खांब ठिपक्यांच्या फटीत नाहीसाच झाला, त्यात इस्त्री कशावर फिरवणार? जिथे साक्षच नाही तिथे अक्षर सुधारून काय होणार?

इथे मला माझ्या पहिल्या वाळवंटी सरावाची आठवण झाली. बिकानेरजवळच्या महाजन रेंजवर, लेफ्टनंट असताना. सकाळचे अकरा, मृगजळ तापलेलं. दुर्बिणीत दोन-अडीच किलोमीटरवर काळपट उभं काहीतरी लुकलुकलं. मी रेडिओवर 'शत्रूचे रणगाडे, तीन' अशी खबर दिली. स्क्वाड्रन थांबली, फाकली, मोर्चे घेतले. पाऊण तास गेला. ती खेजडीची तीन खोडं निघाली. अंपायरनी वहीत काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण संध्याकाळी आमचे रिसालदार साहेब चहाचा मग देत हळूच म्हणाले, "साहब, एक बार दिखे तो देखो. दो बार दिखे, तब बोलो." मला राग आला होता. सेकंड लेफ्टनंटगिरी अंगातून जायला वेळ लागतो.

टीएए म्हणजे हेच. दर फ्रेमला कॅमेरा ठिपक्याच्या आतल्या आत जरासा हलवायचा, म्हणजे या वेळी ठिपक्याच्या डाव्या कोपऱ्यात विचारलं, पुढच्या वेळी उजव्या. मग आधीच्या फ्रेमची स्मृती आणि आत्ताचं चित्र यांचं मिश्रण. खांब एकदा दिसला, तीनदा नाही दिसला, तर फिका राखाडी. ब्रायन कॅरिस यांनी 2014 साली अनरियल इंजिनमधली ही पद्धत तपशिलाने मांडली, आणि त्यानंतर ती जवळजवळ सगळीकडे पसरली. मी टीएए लावलं आणि चौथ्या प्रयत्नात कुंपण गप्प झालं.

पण मग भुतं आली. पळणाऱ्या रणगाड्यामागे त्याचीच पुसट शेपटी, तोफेच्या नळीला दोन-दोन सावल्या. कारण स्मृती जुनी असते. जी वस्तू हलली तिची जुनी साक्ष आता खोटी असते. कॅरिस यांच्या पद्धतीत यावर बंदोबस्त आहे: वस्तू किती सरकली याचा हिशेब ठेवून स्मृतीही तेवढी सरकवायची, आणि जुना रंग आजूबाजूच्या आत्ताच्या रंगांशी अजिबात जुळत नसेल तर त्याला आवर घालायचा. तरी भुतं होतीच, आणि लेकीच्या पडद्यावर ती जवळपास नव्हती. टीएए दोघांकडे तेच.

फरक कुठे होता ते तिनेच काढलं. तिने माझ्याकडून सेटिंगच्या प्रत्येक पानाचे फोटो मागवले, आमच्याकडे गाडी बाहेर काढण्याआधी तपासणीची यादी करतात तसे. तिसऱ्या पानावर तळाशी 'रेंडर स्केल' म्हणून एक पट्टी होती, 75 टक्क्यांवर. खेळाने पहिल्या दिवशी माझा म्हातारा लॅपटॉप जोखून ती आपणहून तिथे ठेवली होती, मला न विचारता. रुंदीत 75, उंचीत 75, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस ठिपके गेले. माझा एक ठिपका एक मिल नव्हता, सव्वा मिलहून मोठा होता. शंभर मीटरवरचा खांब आधीच एका ठिपक्याच्या खाली गेलेला. वर ड्रायव्हरमध्ये कधीतरी मीच चित्र धारदार करण्याचा पर्याय चालू केला होता, तो प्रत्येक तोतयाला अधिक ठसठशीत करत होता.

पट्टी 100 वर नेली. धारदारपणा बंद, मोशन ब्लर बंद. आता चित्र चांगलं, पण वेग सेकंदाला तीस फ्रेमच्या खाली. आणि टीएएला वेग लागतो: भूत समजा आठ फ्रेम टिकत असेल, तर सेकंदाला साठ फ्रेमला ते डोळ्यांत भरत नाही, पंचवीसला ते निवांत चहा पिऊन जातं. सावल्यांचा दर्जा दोन पायऱ्या उतरवला, पाण्यातली प्रतिबिंबं काढून टाकली. उरलेला शत्रू बुंदेलखंडाचा उन्हाळा होता. खोलीतच अडतीस अंश असेल तर लॅपटॉप जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. लॅपटॉपखाली दोन विटा, कूलरचं तोंड त्याच्याकडे, मी घामाने निथळत. पन्नासच्या आसपास फ्रेम मिळाल्या. माझ्या मदतनिसाने 'साहब, कूलर आपकी तरफ घुमा दूँ?' असं दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडलं.

परवाचा रविवार. लेक म्हणाली, "शेवटची संधी हं." नऊ वाजून वीस मिनिटांनी मी टेकाडावर होतो. डावीकडचं कुंपण कुंपणासारखं उभं होतं. उजवीकडे, पडक्या कोठाराच्या पलीकडे, काहीतरी काळपट सरकलं.

"कोठाराच्या उजव्या कडेला काहीतरी..."

"किती वेळा दिसलं?"

रिसालदार साहेबांची गोष्ट मी तिला आदल्या आठवड्यात सांगितली होती. मी थांबलो. श्वास रोखून बघत राहिलो. पुन्हा दिसलं, या वेळी कडेपासून हातभर पुढे.

"दोनदा."

तिचा गोळा बरोबर लागला. चाळीस सेकंदांनी आमचे दोन्ही रणगाडे जळाले; मारणारा कुठे होता ते तिच्याही पडद्यावर दिसलं नाही. पुढचा डाव सुरू होईपर्यंत ती भूमितीतल्या कोनांबद्दल विचारत होती.